तुरटीचं पाणी

शेंदूरजनाघाटात सुभद्राताईंचा आवाज आधी पोचतो, त्या मागून. अकरा वर्षं आशा सेविका म्हणून गल्ल्या तुडवल्यात. कोणाला दिवस गेले हे कधीकधी नवऱ्याआधी त्यांना कळतं. "माह्या सांगण्यात चूक नसते," हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि खोटं कशाला बोला, बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

त्या दिवशी त्या जमुनाबाईंच्या घरी गेल्या. जमुनाबाईंची सून प्राजक्ता सातव्या महिन्यात होती. मागच्या खेपेला याच महिन्यात कळा लागल्या आणि बाळ हाती लागलं नाही. त्यामुळे या वेळी सारं घर धास्तावलेलं. रक्तदाब मोजून झाल्यावर प्राजक्ता खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, अंगावरून पांढरं जाते. वास येते. पण मी रोज दोन टाइम आतून धुतो."

न्हाणीत बादली होती, तळाशी तुरटीचा खडा. सुभद्राताईंनी बादली उचलली आणि सरळ मोरीत ओतली.

"काहून सांडलं व?" जमुनाबाई कडाडल्या. "मागच्या खेपेले तूनंच तं सांगतलं होतं, तुरटीनं धू म्हणून!"

महिन्यापूर्वी अमरावतीच्या प्रशिक्षणात डॉक्टरीणबाईंनी आतून धुणं घातक असतं असं सांगितलं, तेव्हाच सुभद्राताईंना आपला जुना सल्ला आठवला होता. 'मी बाहेरून म्हटलं होतं' असं म्हणून अंग झटकता आलं असतं. ओठांवर आलंही होतं.

"हो, मीनंच सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "चुकलं माह्यं."

मग त्यांनी जमुनाबाईंना विचारलं, "मावशी, संत्र्यावर माव्याची कीड आली तवा तुमी जहर फवारलं. काय झालं?"

"ढालकिडे मेले," जमुनाबाई म्हणाल्या. बाग त्याच सांभाळत. "मावा खाणारे तेच होते. मंग मावा दुप्पट झाला."

"तसंच हाय हे. आतमंदी चांगले जंतू राखण करतात. धुतलं का तेच जातात. मंग वाईट जंतू माजतात, आन आंगातली फौज त्याइच्यावर तुटून पडते. गर्भपिशवीच्या तोंडाशी लढाई जुंपली का सूज येते. कधीकधी त्यानं कळा लवकर लागतात."

प्राजक्ताचे डोळे भरले. "मंग मागचं बाळ त्यानंच गेलं का?"

"थे कोणालेच सांगता येत नाई, पोरी. पण या बाळासाठी आजच दवाखान्यात चाल."

सगळ्यात आधी चपला घातल्या त्या जमुनाबाईंनी.

दवाखान्यात अंगावरचं पाणी काचपट्टीवर घेऊन तपासलं. जंतूंचा संसर्ग निघाला. सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, त्या प्राजक्ताने एकही न चुकवता घेतल्या. तुरटी दाढीच्या सामानात गेली. सातवा सरला, आठवा सरला, आणि नववा भरल्यावर मुलगी झाली, चांगली तीन किलोची.

बारशाला सुभद्राताई आवाज न करता आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. प्राजक्ता उठली आणि तिने बाळ त्यांच्या हातांत दिलं.

"त्या दिवशी तुमी 'मी नाई सांगतलं' म्हटलं असतं नं ताई," ती म्हणाली, "तं तुमच्यावरचा भरोसा गेला असता आन दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बादली भरली असती."