पाठीवरची कॅन

आमच्या यजमानांना एक कला येते. विहिरीच्या पाण्यावर पद्मासन घालून उताणं पडायचं, डोळे मिटायचे आणि कितीतरी वेळ हलायचं नाही. साखरखेर्ड्याला आमची शेतातली विहीर आहे. उन्हाळ्यात रविवारी तिथं हा कार्यक्रम असतो. बघायला पाव्हणे येतात. त्यांचा चहा मी करते, त्यामुळे या कलेबद्दल माझं मत आधीपासूनच जरा वाईट आहे. बुलढाण्याच्या कचेरीत साहेबापुढे मान वर न करणारा हा माणूस विहिरीत उतरला की राजा होतो.

माझे दीर त्यांच्या अगदी उलट. आमच्याकडे पोहायला शिकताना पोरांच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचे, आता रिकामी प्लास्टिकची कॅन बांधतात. उन्हाळा सरेपर्यंत पोरगं पोहायला लागतं आणि भोपळा सुटतो. भाऊजींचा सुटलाच नाही. बरोबरीचे सगळे वरून उड्या टाकायला लागले, तरी हे आपले भोपळा बांधून पायरीशी पाय मारत. शेवटी लोकांच्या हसण्याला कंटाळून त्यांनी पाणीच सोडलं. घरात त्यांचं नाव मात्र ‘भोपळ्या’ पडलं ते पडलंच. आज ते शाळेत मास्तर आहेत, जावई यायची वेळ झाली आहे, तरी यजमान त्यांना चारचौघांत त्याच नावानं हाक मारतात.

आमच्या विहिरीचा एक नियम आहे. वर कुणी दोर धरून बसल्याशिवाय खाली उतरायचं नाही. ते बसायचं काम आपोआप भाऊजींकडे आलं. आत कुणी कितीही पटाईत असो, हे वर दोर घेऊन बसणार आणि पाण्यावरची नजर काढणार नाहीत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन्ही जोडपी जीप करून कोकणात गेलो. बॅगा टपावर बांधायला भाऊजींनी विहिरीवरचा तोच जाडजूड दोर आणला. यजमानांना विषयच मिळाला.

“काऊन बे भोपळ्या, समुद्राचं पाणी शेंदतं काय?”

“बॅगा पडतीन ना दादा,” एवढंच भाऊजी म्हणाले.

समुद्र आम्ही सगळेच पहिल्यांदा बघत होतो. दुपारची वेळ, किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. एक पाटी तेवढी होती, ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरू नये म्हणून. यजमानांनी ती मोठ्यानं वाचली, कचेरीत नोटीस वाचतात तशी, आणि शर्ट काढायला लागले.

“अहो, वाचलं ना आत्ताच?” मी म्हटलं.

“ते पव्हता न येणाऱ्याईसाठी लिवलं हाये. विहीर काय अन् समुद्र काय, पाणी तेच.”

मी कपाळाला हात लावला. हत्तीला आवरणारा माहूत असतो, पण कौतुकाला चटावलेल्या नवऱ्याला आवरणारं कुणी अजून जन्मलेलं नाही. ते लाटांपलीकडे गेले, उताणे झाले, मांडी घातली, आमच्याकडे बघून हात हलवला आणि डोळे मिटले.

आता विहिरीत काय होतं, की पडल्या पडल्या माणूस हळूहळू सरकतो आणि त्याचं डोकं दगडी कडेला टेकतं. टेकलं की यजमान डोळे उघडायचे. सगळा जन्म तसाच गेलेला. तिथंही ते डोकं टेकायची वाट बघत निवांत पडून राहिले आणि ओहोटी त्यांना घेऊन निघाली.

“अवं बाई, दादा त चालले!” जाऊबाई ओरडल्या.

आम्ही तिघांनी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते एवढेसे दिसत होते. सरळ किनाऱ्याकडे हात मारायला लागले. खूप हात मारले, पण जागचे हलेनात. मग हात मंद पडायला लागले. सकाळी चहात साखर कमी म्हणून त्यांनी कुरकुर केली होती आणि मी फाडकन बोलले होते. आता मनात एकच, हा माणूस परत येऊ दे, वाटीभर साखर घालीन.

भाऊजी जीपकडे पळाले. मला वाटलं, मदत आणायला निघाले. त्यांनी टपावरचा दोर सोडला, बॅगा धडाधड खाली पडल्या. आमची प्यायच्या पाण्याची मोठी कॅन होती, ती त्यांनी वाळूत रिकामी केली, झाकण घट्ट लावलं आणि बायकोपुढे पाठ करून उभे राहिले.

“बांध.”

जाऊबाईंनी बॅगेच्या सुतळीनं कॅन बांधली, दोन वेढे जास्तच दिले. भाऊजींनी दोराचं एक टोक कमरेला बांधलं, दुसरं आमच्या हातात दिलं. सर्वांत मागे जीपचा ड्रायव्हर उभा राहिला. आणि केस पिकलेले आमचे मास्तर पाठीला कॅन बांधून समुद्रात शिरले.

आधी कंबर बुडाली, मग छाती, मग पाय मारणं सुरू झालं, पायरीशी मारायचे तसंच. लाट आली की माणूस दिसेनासा व्हायचा, मग कॅन वर यायची, मग डोकं. आमच्या हातांतला दोर संपत आला आणि एकदम ताणला. दोघांमध्ये थोडंच अंतर राहिलं होतं.

“सोड तो दोर! ये इकडं!” यजमान तिकडून ओरडले. आवाज ओळखू येत नव्हता.

“दोर सोडत नाई!” भाऊजी ओरडले. मग मान वळवून आमच्याकडे, “वहिनी, तुम्ही या पुढं!”

मला पोहता येत नाही. जाऊबाईंनाही नाही. आम्ही नऊवारी नेसणाऱ्यांच्या लेकी, गोल साडीत समुद्रात चालत गेलो, दोर मुठीत धरून, ड्रायव्हर आमच्या मागोमाग, कंबरभर पाण्यापर्यंत. भीतीनं मी मोठ्यानं रडत होते, पण पाय थांबू दिले नाहीत. तेवढा दोर पुढे गेला आणि तेवढाच पुरला. यजमानांचा हात भाऊजींच्या पाठीवरच्या कॅनवर पडला. मग आम्ही तिघांनी ओढलं. बैलांनीही इतकं ओढलं नसतं.

वाळूवर आल्यावर यजमान कॅनला मिठी मारूनच पडले होते, सोडायला तयार नव्हते. जाऊबाईंनी आधी स्वतःच्या नवऱ्याला एक धपाटा घातला आणि मग पदरानं त्याचं डोकं पुसलं. मी माझ्या नवऱ्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

रात्री जेवताना यजमानांनी खाली बघतच विचारलं, “तुले भेव नाई लागलं?”

“लागलं ना. म्हणून त कॅन बांधली,” भाऊजी म्हणाले आणि भात मागितला.

घरी आल्यावर यजमान लग्नाकार्यात हा किस्सा रंगवून सांगायला लागले. त्यात लाटा दर वेळी थोड्या उंच होतात. होऊ देत. ‘भोपळ्या’ हे नाव मात्र त्यांच्या तोंडून मी त्यानंतर ऐकलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात विहिरीवर पाव्हणे जमले. आसनाचा आग्रह झाला. माझा चहा चुलीवरच होता. यजमान पायऱ्या उतरून पाण्यात गेले, उताणे झाले आणि मांडी घालायच्या आधी वर बघून त्यांनी विचारलं, “दोर कोनापाशी हाये?”

“मापाशी हाये, दादा,” वरून भाऊजी म्हणाले आणि दोराचा एक वेढा हाताला घेतला.

तेव्हा कुठे त्यांनी मांडी घातली. पाव्हणे वाहवा करत होते. मी कपबशा खाली ठेवून वाकून बघितलं, तर यजमानांचे डोळे उघडे होते, आणि ते भावाकडे बघत होते.