मरीआईचा गाडा ओढायले नाही म्हटलं

मंडळी, आज जीव कंटाळून गेला.

गावात पटकीची साथ आहे. सकाळी पाटील माणसं घेऊन आमच्या वस्तीत आले. म्हणे, "तुम्ही बौद्ध झाले, देव नाल्यात सोडले, म्हणून मरीआई कोपली. तिचा गाडा शिवेबाहेर तुम्हीच ओढा."

पिढ्यान्‌पिढ्या तो गाडा आमचीच माणसं ओढत आली.

बाबा म्हणाले, "पाटील, विहिरीत औषध टाका. आमचीही पोरं आजारीच हायेत."

"मंग उद्यापासून कोणाच्या वावरात कामाले येऊ नका," म्हणून पाटील निघून गेले.

घराकडे वळलो, तर माय दाराले कडूनिंबाचा डहाळा बांधून राह्यली होती.

"काहून वं माय?"

"तिले खरंच राग आला असन तर?"

मीही तो डहाळा काढला नाही.

सांगा, देव तर नाल्यात सोडले. हे भेव कुठं सोडावं?