गल्ली ठेवणार असाल तर

एका दुपारी आमच्या पॅसेजचा स्लॅब खाली आला. त्याखाली कुणी सापडलं नाही, कारण शेजारच्या सिंधी भाभी नेमक्या गच्चीवर पापड वाळत घालायला गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत इमारत धोकादायक ठरली, पाणी आणि वीज तोडली गेली आणि आम्ही सगळे भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर आलो.

उल्हासनगरच्या कॅम्पातल्या जुन्या कापडबाजारात खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं, अशी ती इमारत होती. फाळणीनंतर आलेल्या लोकांनी बराकींसमोर फळ्या टाकून हा बाजार सुरू केला आणि पुढे बराकींच्या जागी इमारती झाल्या. माझे सासरे साताऱ्याकडून आले ते एका सिंधी शेटच्या दुकानात कापड मोजायला. पुढे त्यांनी स्वतःचा गाळा घेतला. ते गेल्यावर गाळा थोरल्या दिरांकडे आला आणि वरच्या दोन खोल्या आमच्याकडे. मी त्या खोल्यांत साड्यांना पिको-फॉल करायचे. खाली साडी घेतलेली बाई दादा थेट माझ्याकडे वर पाठवायचे. थोरल्या दिरांना मी दादा म्हणते.

इमारत पाडल्यावर आम्ही बदलापूरजवळ चामटोलीला भाड्याने गेलो, कारण तिथलंच भाडं परवडत होतं. नवऱ्याची नोकरी अंबरनाथला, मोरिवलीच्या कारखान्यात. माझी गिऱ्हाइकं मात्र कॅम्पातच. म्हणून बाजारातल्या एका जिन्याखाली मशीन टाकून बसायची परवानगी मिळवली. सकाळी चामटोलीहून निघायचं आणि दिवेलागणीला परतायचं. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

मग योजना आली. आमच्या पट्ट्यातल्या जुन्या इमारती एकत्र करून उंच टॉवर बांधायचे, खाली बाजार, वर आमची घरं आणि शिवाय कामगारांना परवडतील अशी पुष्कळ छोटी घरं. मला ती मनापासून पटली. कॅम्पात जीन्स शिवणारी माणसं पत्र्याच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहतात, ते मी रोज बघत होते. वरच्या बिऱ्हाडांच्या वतीने समितीवर मला घेतलं, कारण दिवसभर बाजारात असणारी मी एकटीच होते.

योजनेला संमतीच्या सगळ्या सह्या झाल्या, फक्त काही दुकानदार अडले. त्यांच्यात पहिले आमचे दादा. मी नवऱ्याला म्हटलं, भावाशी बोला. तो म्हणाला, "तो मोठा आहे, माझं ऐकायचा नाही. तूच बोल." मी बोलले. एकदा नाही, दर आठवड्याला बोलले. दादांनी तेव्हा अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्याला एक टपरीवजा दुकान भाड्याने घेतलं होतं. तिथे जाऊन बसायची, चहा प्यायची आणि तेच नकारघंटेचं उत्तर घेऊन परतायची. शेवटी शेवटी मला त्यांचा राग यायला लागला. ह्यांचं घर अंबरनाथला आहे, डोक्यावर छप्पर आहे, म्हणून ह्यांना घाई नाही, असं मी जावेलाही सुनावलं. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

एकदा विकासकानं सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून टॉवरचं छोटं मॉडेल दाखवलं. काचेच्या पेटीत पांढरे टॉवर आणि हिरव्या स्पंजची झाडं. लोक आपापलं घर शोधत होते. दादाही आले होते. त्यांनी चष्मा वर केला, आपली गल्ली जिथे असायची तिथे बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे काय आहे?"

आर्किटेक्ट बाई म्हणाल्या, "पार्किंगचा रॅम्प."

दादा निघून गेले. मीही मग पेटीभोवती फिरून बघितलं. रस्त्याकडेला मोठाले शोरूम होते, ते नव्या खरेदीदारांना विकायचे. जुने गाळे आत, वरच्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या मागे. तिथे फॉल-पिकोची साडी घेऊन कोण येणार होतं? मी विकासकाला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, स्वस्त घरांचा खर्च कुठून तरी काढावा लागतो."

म्हणजे माझं घर दादांच्या गाळ्यातून निघणार होतं. हे मला इतके दिवस कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. त्या दिवशी जिन्याखाली येऊन मशीनवर बसले, पण एक शिवण सरळ येईना.

पुढच्या खेपेला दादांकडे गेले तेव्हा सहीचं बोललेच नाही. तुम्हाला नक्की काय हवंय, एवढंच विचारलं. ते बराच वेळ गिऱ्हाइकाला ओढण्या दाखवत राहिले. मग म्हणाले, "मला रस्त्याकडेची जागा नको. गल्ली ठेवणार असाल तर आत्ता सही करतो. समोरासमोर दुकानं असली की बाई एकीकडून दुसरीकडे जाते. बाजार म्हणजे तेवढंच असतं."

आर्किटेक्ट बाईंना मी ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हे मी मान्य करीन. रॅम्प मागे गेला, गल्ली नकाशावर आली, दुतर्फा जुने गाळे आले आणि छोटी घरंही तशीच राहिली. विकासकानं बरीच कुरकुर केली. दादांनी सही केली, पाठोपाठ बाकीच्यांनी केली. भाभींनी हॉलमध्ये पेढे वाटले आणि मला म्हणाल्या, "अब तो साल-दो साल की बात है."

पण ह्या सगळ्यात इतका वेळ गेला होता की पट्ट्यातल्या शेवटच्या इमारतीच्या मालक भावांचं आपसात फाटलं होतं. त्यांच्यातला एक भाऊ कोर्टात गेला आणि सगळंच थांबलं. आता आमच्या जागेभोवती निळे पत्रे आहेत आणि त्या पत्र्यांवर फेरीवाले जीन्स टांगून विकतात. भाभी मुलीकडे पुण्याला गेल्या. आमचं चामटोलीचं भाडं दर वर्षी वाढतं.

मध्यंतरी पालिकेचे एक नवे अधिकारी पाहणीला आले. पत्र्याच्या फटीतून आत बघून त्यांनी विचारलं, "इथे सध्या कुणी राहत नाही ना?"

मी म्हटलं, "नाही साहेब. त्याचसाठी तर आम्ही तुमच्याकडे येतोय."

ते हसले. मला हसू आलं नाही.

त्या दिवशी दादाही आले होते. साहेब गेल्यावर आम्ही दोघं समोरच्या ओट्यावर बसलो. ते जीन्स टांगलेल्या पत्र्यांकडे बघत होते. म्हणाले, "मी पहिल्याच वेळी सही केली असती तर?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी कितीतरी वेळा मनात घोळवलं होतं, चांगलं तिखट करून ठेवलं होतं. पण ते समोर बसले होते, थकलेले.

"मग गल्ली नसती," मी म्हटलं.

ते खरंच होतं. घर मात्र असतं, हेही तितकंच खरं होतं. ते मी बोलले नाही आणि त्यांनाही ते कळत होतं. थोड्या वेळाने ते दुकान उघडायला अंबरनाथला गेले. मी जिन्याखाली जाऊन मशीनवरचं फडकं काढलं.