आधी माणसाकडं

“आधी माणसाकडं, मग देवाकडं,” एवढं पुटपुटून अण्णा बाकावरून उठायचे आणि भरल्या उपासनेतून तडक बाहेर चालू लागायचे.

बेळगावातलं आमचं चर्च लहान आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि प्याला देण्याआधी पाळकसाहेब सगळ्यांना बजावतात, की कुणाशी वाकडं असेल तर ते आधी मिटवा, मग पुढं या. आपण हे किती वर्षं ऐकतो! मान खाली घालतो, डोळे मिटतो आणि सगळ्यांबरोबर पुढं जातो. अण्णांनी मात्र ते अगदी जसंच्या तसं मनावर घेतलं होतं.

अण्णा वडगावातले माग दुरुस्त करायचे. पॉवरलूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं, त्यामुळं आवाज चढा आणि राग नाकावर. आठवडाभर कुणाकुणावर खेकसायचं आणि पहिल्या रविवारी त्याचं दार ठोठावायचं. मी चर्चमध्ये पेटी वाजवते. अण्णा उठले की पाळकसाहेब माझ्याकडं बघून भुवई उडवायचे, म्हणजे गाणं पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या पश्चात्तापापायी माझा भात्यावरचा हात भरून यायचा, तुम्हाला काय सांगू! गल्लीलाही हे सगळं पाठ झालं होतं. एकदा साड्या विणणाऱ्या एका काकूंनी दार न उघडताच आतून ओरडून सांगितलं, “केलं माफ, अण्णा! जावा लवकर, तुमची प्रार्थना चुकंल!”

“तसं न्हाय, तोंड बघून सांगा की,” असं म्हणत अण्णा उंबऱ्यावरच उभे.

पण खरी गंमत पुढं होती. गंमत कसली, कोडंच ते. एवढी धावपळ करून धापा टाकत परत आलेला हा माणूस शेवटच्या बाकावर बसायचा आणि सगळे वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायला गेले तरी जागचा हलायचा नाही. भाकर घ्यायचाच नाही. एकदा उपासना संपल्यावर ते खिडक्या लावत होते, तेव्हा मी विचारलं.

“बारकी दारं ठोठावतोय, बाई,” ते म्हणाले. “मोठ्या दाराकडं पायच उचलत न्हाय.”

मग त्यांनी सांगितलं. धाकट्या बहिणीनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. आई शेवटच्या घटका मोजत असताना ती नंदगडहून भेटायला आली. आत आई तिचंच नाव घेत होती, आणि अण्णांनी बहिणीच्या तोंडावर दार लावून घेतलं. संध्याकाळी आई गेली. तेव्हापासून भावाबहिणीत एक शब्द नाही.

“देवाकडं लई येळा माफी मागितली, बाई. पर त्यो बी म्हणत आसंल, आधी तिकडं जा.”

शेवटी एका शनिवारी ते नंदगडच्या बसमध्ये बसले. बहिणीनं त्यांना येताना पाहिलं आणि दार लावून घेतलं. अण्णा बाहेर उभे राहून दारालाच बोलले, “मी तुला आयचं तोंड बघू दिलं न्हाय. चुकलो गं.” आतून उत्तर आलं, “आता कशाला आलाईस? जा.” मग तिन्हीसांजेच्या गाडीनं ते परतले.

दुसऱ्या दिवशी पहिला रविवार. उपासनेआधी अण्णा पाळकसाहेबांसमोर उभे राहिले. “ती न्हाय म्हणाली. आता देव काय म्हणंल?”

पाळकसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “दार ठोठावणं तुमचं होतं, अण्णा. उघडणं तिच्याकडं. प्रभूनं आपलं दार तुमच्यासाठी कधी लावलंच नव्हतं. आज पुढं या.”

अण्णा पुढं आले. तेलानं काळ्या पडलेल्या त्या आडदांड हातांच्या ओंजळीत भाकरीचा एवढासा तुकडा होता. ते किती तरी वेळ त्या तुकड्याकडं बघतच राहिले आणि मग लहान मुलासारखे रडले. क्षमेची इतकी गाणी वाजवली मी, पण क्षमा एवढी मोठी असते की माणसाला तिच्यापुढं उभंही राहता येत नाही, हे मला त्या दिवशी दिसलं.

त्यानंतरही ते नंदगडला जात राहिले. मी म्हटलं, “अण्णा, आता कशाला?”

“माफीसाठी न्हाय, बाई. दार लावताना घटकाभर तरी दिसती की ती.”

दार काही उघडलं नाही. यंदा उन्हाळ्यात मागाशी वाकलेले असतानाच अण्णा गेले. निरोप धाडला होता, पण बहीण पोचली तेव्हा माती देऊन झाली होती.

पुढच्या पहिल्या रविवारी एक बाई चर्चच्या दारात उभी राहिली. तेच रुंद कपाळ. “माजा अण्णा कुठं बसायचा?” तिनं विचारलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

पाळकसाहेबांनी नेहमीचं बजावलं. सगळे उठले. तीही उठली, पण वळली आणि बाहेर गेली. पाळकसाहेबांनी हातातलं ताट खाली ठेवून माझ्याकडं बघितलं. मी गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.

पेटीशेजारच्या खिडकीतून मागची दफनभूमी दिसते. ती अण्णांच्या ताज्या कबरीशी बसली होती. थोड्या वेळानं तिनं मूठ वळली आणि त्या मातीवर हळूच ठोठावलं. दारावर ठोठावतात तसं. मग नुसता तळवा टेकवून बसून राहिली.

कुणीही जागचं हललं नाही. कडवं संपलं की मी परत सुरू करत होते, आणि पेटीच्या पट्ट्या मला धड दिसत नव्हत्या.

ती परत आली, सरळ पुढं गेली आणि कठड्याशी गुडघे टेकले. तिनं हात पसरला. तळव्याला तांबडी माती तशीच चिकटलेली होती. पाळकसाहेबांनी ती पुसायला सांगितली नाही. त्या मातीवरच त्यांनी भाकर ठेवली.