मामाने बसवलेला कूलर

माझ्या मामाला सगळे थंडोबा म्हणतात. पहिल्यांदा म्हणाली ती माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, आणि मग ते नाव त्याच्या दुकानापर्यंत पोचलं. जिन्याखालच्या त्या दुकानात लोक बिघडलेले कॉम्प्युटर घेऊन येतात. मामा आधी डब्याला हाताची पालथी बाजू टेकवतो आणि डोळे मिटतो. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणतो, "ताप बघतोय. बोलू नका." मग आकडा सांगतो, आणि म्हणे तो दोन अंशांपलीकडे कधी चुकत नाही. हे 'म्हणे' अर्थात मामाचंच आहे.

माझं मशीन त्यानेच जोडून दिलं, सहा वर्षांपूर्वी, मी शिक्षण संपवून घरी बसले होते तेव्हा. मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालतं-फिरतं पाणी तयार करते. सोपं वाटतं, पण त्यात प्रत्येक थेंब कुठे जाईल हे मशीनला गणित करून काढत बसावं लागतं आणि त्याला अक्षरशः घाम फुटतो. मला समुद्र करायचा होता. लाट सुरू केली की दहाव्या मिनिटाला प्रोसेसर शंभर अंशांवर जायचा, मग रडतखडत चालायचा, आणि शेवटी पडदा काळा. मामा यायचा, ब्रशने पंख्याची धूळ झटकायचा, खिडकी उघडायचा. एकदा तर त्याने टेबलच सावलीतल्या भिंतीला नेऊन लावलं. प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता ओढून घेणारा कूलर मात्र त्याने कधी उचलला नाही. "तो मी बसवलाय," म्हणायचा, "त्याला कशाला हात लावायचा?" आणि एक दिवस म्हणाला, "मोठं पाणी या मशीनला झेपायचं नाही गं. जरा लहान कर."

मी लहान केलं. समुद्राची नदी केली, नदीचं तळं, आणि तळ्याचा ग्लास. जाहिरातींसाठी ग्लासात पाणी ओतण्यात माझा हात धरणारं कुणी नाही असं लोक म्हणतात. ते ऐकताना मला बरं वाटायचं नाही. हळूहळू मला खात्रीच पटली की माझी झेपच तेवढी. दुपारी पंख्याच्या घरघरीत डोळा लागला, की मात्र खोलीत पाणी चढायला लागायचं. खुर्चीच्या पायांपाशी यायचं, मग गुडघ्यांपर्यंत, मग कपाटातले कपडे सावकाश तरंगत बाहेर यायचे. पाणी कोमट असायचं आणि मला बुडायची भीती वाटायची नाही. जाग आली की समोर ग्लास.

यंदा एका मत्स्यालयाला गोल भिंतीवर दाखवायला समुद्र हवा होता. चाळीस सेकंदांचा नमुना शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. माझ्याकडे समुद्र मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. सोमवार-मंगळवार मिळून मशीन सहा वेळा बंद पडलं. बुधवारी सकाळी मी मामाला फोन केला आणि जरा जास्तच बोलले.

"आज कूलर उचलायचा. नाहीतर मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावते."

"येतो," मामा म्हणाला.

आला अकराला. आईने दिलेला चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, चष्मा पुसला, माझ्याकडे पाठ करून डबा उघडला. मी खुर्चीत मागे टेकून बसले होते, दोन दिवसांच्या जागरणाने अर्धवट झोपेत. समोरच्या काळ्या पडद्यात प्रतिबिंबात मला त्याचे हात दिसत होते, पाण्याखाली हलावेत तसे. त्याने कूलर सोडवला, उलटा केला आणि थांबला. खूप वेळ थांबला. मग त्याने कूलरच्या तळावरून काहीतरी नखाने सोलून काढलं, बोटभर पारदर्शक, उष्णता वाहून नेणाऱ्या राखाडी पेस्टने माखलेलं. ते रुमालात गुंडाळून त्याने शर्टाच्या खिशात टाकलं.

मला कळलं. नव्या कूलरच्या तळाला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. बसवण्याआधी तो काढायचा असतो, नाहीतर प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नीट पोचतच नाही; तसं त्यावरच लिहिलेलं असतं. दुसऱ्यांच्या मशीनमधून मामाने असे कितीतरी काढले असतील, आणि त्यावर हसलाही असेल. माझी झोप उडाली, पण मी हलले नाही. बघू या म्हटलं.

त्याने तळ पुसला, नवी पेस्ट लावली, कूलर बसवला. "लाव तुझी लाट," म्हणाला. मी लावली. दहा मिनिटं गेली, वीस गेली. आकडा सदुसष्टवर गेला आणि तिथेच राहिला. पडद्यावर पाणी केसाकेसाने उचललं जात होतं. मामा शेजारी स्टुलावर बसून ते बघत होता. बाहेर ऊन सरकत भिंतीवर आलं आणि खोलीत निळसर उजेड उरला. आई दारात आली, जरा वेळ लाट बघून परत गेली.

"तेव्हा तू समुद्र का सोडलास?" मामाने विचारलं.

"मशीनला झेपत नव्हतं. तूच म्हणाला होतास."

त्याने खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

"मशीनला झेपत होतं," तो म्हणाला. "हे मी काढायचं विसरलो होतो."

मला भयंकर राग आला. म्हणाले, "सहा वर्षं, मामा."

"हो."

"मला वाटलं, मीच कमी पडते."

"हो," तो म्हणाला आणि त्याने चष्मा काढला. "दुसऱ्याला दाखवायचं होतंस तू. माझी वाट कशाला बघत बसलीस?"

तो लाट किनाऱ्याला लागेपर्यंत थांबला. मत्स्यालयाने नमुना ठेवून घेतलाय, अजून होकार नाही. राग अजून आहे, मध्येच उसळून येतो आणि मी मामाला टाकून बोलते. तो ऐकून घेतो. पण तो पापुद्रा त्याने आधी गुपचूप खिशात टाकला होता, आणि मी ते पडद्यात बघितलं होतं, हे मी त्याला सांगितलेलं नाही. शेवटी तो त्याने आपणहून बाहेर काढला, तेवढं त्याच्यापाशी राहू दे.