यादीत घुसवलेले दोन शब्द

पुरावा कशाला म्हणायचं यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी सासर-माहेर या विषयावरही झाली नाहीत. नवरा बंगळुरूतल्या सरकारी संशोधन संस्थेत धातूच्या कांड्या तोडतो. म्हणजे यंत्रात घालून ताणतो, वाकवतो आणि किती भार सोसून त्या तुटतात ते बघतो. एक कांडी तुटली तर त्याच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. एकाच ओतकामातल्या पाच कांड्या सारख्याच भाराला तुटल्या, की मग तो मान डोलावतो. मी भाषेचा अभ्यास करते, आणि माझं सगळं काम एखाद्या बाईच्या तोंडून एकदाच निसटलेल्या शब्दावर चालतं. "एक बाई म्हणजे डेटा नव्हे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. माझंही उत्तर ठरलेलं, की तुझ्या कांडीला सासू नव्हती.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन बंगळुरूला आले त्याला आता पंचवीस वर्षं होतील. लेक कॉलेजला बाहेरगावी गेली तेव्हा, सेहेचाळिसाव्या वर्षी, मी पीएचडीला नाव नोंदवलं. तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या मराठी घरांतले स्वयंपाकघरातले शब्द, हा विषय. त्यासाठी दर मंगळवारी दोन बस बदलून येलहंक्याच्या जुन्या गावात एका अक्कांकडे जायचे. अक्का पंचाहत्तरीच्या पुढच्या, एकट्या. दारात पाऊल टाकलं की आधी "जेवलीस काय?", मग "स्वल्प थांब," म्हणून कॉफी, आणि कॉफीचा पेला खाली ठेवल्याशिवाय मला फोनवरचं रेकॉर्डिंग सुरू करू द्यायच्या नाहीत. आई गेल्यावर माझी अशी वाट बघणारं दुसरं कुणी नव्हतं, हेही सांगून टाकते.

पद्धत साधी होती. इतर घरांतून ऐकलेले शब्द मी चिठ्ठ्यांवर लिहायचे, त्यांची यादी करायचे आणि ती अक्कांना वाचून दाखवायचे: तुमच्याकडे हे म्हणतात का? चिठ्ठ्यांवरून यादी टाइप करून द्यायचं काम नवऱ्यानं आपणहून अंगावर घेतलं. मला केवढं भरून आलं होतं! बहिणीला मुद्दाम फोन करून सांगितलं, की बघ, माणसं बदलतात.

एका यादीत 'रेंबुटी' असा शब्द होता. मी वाचला. अक्कांनी डोळे मिटले, मान हलवली. रेंबुटी म्हणजे चुलीशेजारी टांगलेला लाकडी डाव, म्हणाल्या. कढीत फिरवायचा. कढी फुटली की सासू तोच उचलून मनगटावर हाणायची. त्यांनी मनगट पुढे करून जागा दाखवली. त्याच यादीत 'चिकांदं' होतं. तेही त्यांच्याकडे होतं, तळाशी लागलेल्या भाताची खरवड म्हणून. सुनांनी तेच खायचं असा रिवाज होता म्हणे. बसमध्ये परतताना माझे डोळे सारखे भरून येत होते. शब्दच्या शब्द हरवलेला, आणि तो माझ्या हाती लागलेला!

त्या दोन शब्दांवर माझं तिसरं प्रकरण उभं राहिलं. माझे गाईड अतिशय मितभाषी. त्यांनी मनगटाचा भाग दोनदा वाचला आणि प्रबंधाचा कणा हाच, एवढंच म्हणाले. मला ते पदवीहून मोठं वाटलं.

प्रबंध द्यायला आठ दिवस राहिले होते. रविवारची सकाळ, उपमा खात होतो. नवरा म्हणाला, एक सांगायचं होतं. रेंबुटी त्याचा शब्द होता. मला वाटलं त्याच्या आजोळचा. तर नाही, कॉम्प्युटरपुढे बसून त्यानं तो बनवला होता, दोन वर्षांपूर्वी. चिकांदंही. त्यांच्या प्रयोगशाळेत तशी रीतच असते म्हणे. तपासायला द्यायच्या नमुन्यांत एक नमुना असा सरकवायचा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, आणि तपासणाऱ्याला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. नाहीतर तपासणीवर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? हे सगळं तो इतक्या शांतपणे सांगत होता, की जणू मीठ पुढे सरकवतोय.

तेव्हाच का नाही सांगितलंस, मी विचारलं.

"आधी सांगितलं असतं तर तू अक्कांशी वेगळं वागली असतीस," तो म्हणाला. "चाचणी बिघडली असती."

दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस माझ्याशेजारी झोपला, माझ्यासोबत लेकीला भेटायला गेला, मी ते प्रकरण लिहिताना चहा करून दिला. एवढंच कशाला, त्या प्रकरणाची प्रुफं त्यानंच तपासली होती. म्हणे, चाचणीचा निकाल मी लिखाणात कसा वापरते तेही बघायचं होतं, आणि परीक्षकांनी पकडण्यापेक्षा घरात कळलेलं बरं. मी ताटली तशीच सिंकमध्ये टाकली. हरामखोर हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला वापरला, आणि तो अजून मागे घेतलेला नाही.

त्याहून झोंबलं ते वेगळंच. दुपारी सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरून बसले. रेंबुटीची चिठ्ठी नव्हतीच. जो शब्द मी कुठल्याही घरात ऐकला नव्हता, तो यादीत दिसला म्हणून मी बिनदिक्कत वाचला होता. नवऱ्यानं टाइप केलंय म्हणजे माझंच असणार, असं धरून. एकदा ताडून बघावंसं वाटलं नाही मला.

मंगळवारी अक्कांकडे गेले. त्या पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या दिवशी कॉफी घेतली नाही, सरळ विचारलं. रेंबुटी असा शब्द तुमच्या घरात होता का? त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाल्या, नव्हता. तू एवढ्या लांबून येतेस, कागद घेऊन आशेनं बघतेस. मी नाही, नाही म्हणत राहिले तर कशाला येशील?

मला त्यांचा राग आला होता, तो मी घरूनच घेऊन गेले होते. म्हणून तसंच पुढे विचारलं, की मग सासूनं मारलेलं तेही खोटंच ना?

"मारायची ती खरंच," अक्का म्हणाल्या. "कशानं, ते तुला पाहिजे होतं."

मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. हात थांबले. परीक्षा घेत होतीस काय माझी, त्यांनी विचारलं. मी घाईघाईनं सांगितलं, की मला ठाऊक नव्हतं, नवऱ्यानं घातले ते शब्द, मी तर स्वतःच फसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वाचलंस तर तूच ना," म्हणाल्या, आणि शेंगांकडे वळल्या.

गाईडना जाऊन सांगितलं. वाटलं होतं, झाडतील. ते म्हणाले, विचारून मिळालेलं सगळं काढून टाका. न विचारता जे बोलल्या असतील तेवढंच ठेवा. मग मुदत वाढवून घेतली आणि सहा महिने मी जुनी रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकली. यादीचा भाग वगळायचा आणि अक्का मांजराला काय म्हणाल्या, फुलवालीला कशी हाक मारली, भाताची पेज काढताना काय पुटपुटल्या, ते टिपायचं. चाळीस पानांचं प्रकरण अकरा शब्दांवर आलं. प्रबंध तपासणाऱ्या समितीतल्या इतिहासाच्या बाईंना तेही पटेना, त्यांना जुना कागद हवा होता. तरी पदवी मिळाली. अक्कांच्या सासूचा मार मात्र प्रबंधात कुठे बसला नाही. तो खरा होता, पण पुरावा म्हणून चालण्याजोगा नव्हता.

अक्कांकडे अजून जाते. कॉफी मिळते, "सरी, ये आता," असा कानडी वळणाचा निरोपही मिळतो. पण काहीही विचारलं तरी त्या "मला ठाऊक नाही गं," म्हणतात. परवा त्यांच्या आईचं माहेर कुठलं म्हणून सहज विचारलं, तर तेही ठाऊक नाही म्हणाल्या. माझ्यासमोर मांजराशीसुद्धा बोलत नाहीत आता.

पदवी घरी आली त्या आठवड्यात, गच्चीत कपडे वाळत घालताना, मी नवऱ्याला विचारलं, आणखी कशात अशी तपासणी केली होतीस माझी? तो "नाही," म्हणाला. लगेच, नजरेला नजर देऊन. चुकलं असं वाटतं का, विचारलं. "हो, चुकलं," म्हणाला. तेही लगेच. खरंही असेल. पण विचारून मिळालेली उत्तरं मी नुकतीच माझ्या हातानं चाळीस पानांतून खोडून आले होते, मग या दोन उत्तरांचं काय करू?

त्याला दीड वर्ष झालं. मी पुन्हा तो विषय काढलेला नाही. तो पाण्याच्या टँकरबद्दल बोलतो, लेकीच्या नोकरीबद्दल बोलतो, भाजीत मीठ कमी आहे म्हणतो. मी प्रत्येक वाक्य लक्ष देऊन ऐकते. चुकलं, असं आपणहून अजून एकदाही म्हणालेला नाही.