बुऱ्हाणपूर सुटल्यावर

"बोलून घ्या, म्होरं रेंज न्हाई."

आमचे फिटर हे वाक्य डब्यातल्या कुणालाही ऐकवत. ओळख असो वा नसो. एक हात खिडकीच्या गजावर, शर्टाच्या दोन खिशांत दोन कंपन्यांचे दोन फोन.

माधवनगरच्या आमच्या कारखान्यात यंत्रमागाचे सुटे भाग बनतात. मी विश्रामबागच्या ऑफिसात. परगावी प्रदर्शन असलं की माहिती मी सांगायची आणि यंत्र त्यांनी चालवून दाखवायचं. त्यांचं गाव साताऱ्याजवळ, नोकरीची पहिली वीस वर्षं फौजेत. कुठल्या स्टेशनवर भजी चांगली मिळतात ते पाठ असलेले प्रवासी तुम्हीही पाहिले असतील. यांना दिल्लीपर्यंत नेट कुठं येतं आणि कुठं जातं, ते पाठ होतं.

कारण आई. रोज सकाळी तिला व्हिडिओ कॉल. म्हातारी फोन कानालाच लावायची, त्यामुळे यांना दिसायचा फक्त कान.

"आये, कान नगं दावू, त्वांड दाव!"

सगळा डबा हसायचा. तेही हसायचे.

गेल्या वैशाखात आम्ही दिल्लीहून परतत होतो. गाडी सात तास उशिरा धावत होती. सकाळी इटारसीला चहा घेताना मी सहज विचारलं, "आईशी बोलणं झालं?"

"निजलीया," ते म्हणाले.

समोर भुसावळची एक मुलगी होती. तिच्या परीक्षेच्या अर्जाचा शेवटचा दिवस, आणि तिचं नेट संपलेलं. यांनी आपल्या फोनवरून तिला नेट जोडून दिलं. "भर पटाटा, पोरी. खंडवा सुटलं की जंगल लागतंय." अर्ज गेला तेव्हा तिच्यापेक्षा यांनाच हायसं वाटलं. मग दाराशी जाऊन ते कुणाला तरी फोनवर म्हणाले, "बुऱ्हाणपूर सुटलं की रेंज हाय. एकच्या सुमाराला. तवर थांबा."

कारखान्याचं पार्सल असेल, असं मला वाटलं.

बुऱ्हाणपूर सुटलं आणि फोन वाजला. त्यांनी तो माझ्यापुढे केला. "म्याडम, जरा धरता का? मला हात जोडायचं हायत."

मी स्क्रीनकडे पाहिलं. ओढ्याकाठी रचलेली चिता. भोवती गाव उभं. खांद्यावर मडकं घेतलेला त्यांचा धाकटा भाऊ.

"कधी?" मी विचारलं.

"काल सांजच्याला. आग्रा सुटल्यावर कळलं. आमी पोचणार मध्यानरातीला. ह्या उन्हात किती ठेवायचं तिला?"

म्हणजे काल संध्याकाळपासून हा माणूस हे पोटात घेऊन बसला होता. मला चहा आणून दिला. त्या मुलीला अर्जासाठी नेट दिलं.

चपला काढून ते उभे राहिले. ती मुलगीही उठली. भावाच्या फेऱ्या झाल्या, मडकं फुटलं. त्याच्या हातात पेटतं लाकूड आलं, आणि चित्र तिथंच थांबलं. भावाचा हात अर्धवट उचललेला. त्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. इतक्या वर्षांत त्यांचा अंदाज पहिल्यांदाच चुकला होता. आवाज मात्र येत होता.

"दादा, दिसतंय न्हवं? तू सांगितल्याबिगर देत न्हाई मी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची नजर त्या थिजलेल्या चित्रावरच होती.

"दिसतंय रं. समदं दिसतंय. दे."

मग आवाजही गेला.

ते बेसिनपाशी गेले. बाटली भरभरून कपड्यांसकट डोक्यावर पाणी ओतून घेतलं आणि तसेच निथळत जागेवर येऊन बसले. मुलीने आपली ओढणी पुढे केली. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मी फोन तसाच समोर धरून बसले होते. खाली ठेवायचं भानच नव्हतं.

तेराव्याला आम्ही ऑफिसातले चौघे त्यांच्या गावी गेलो. मांडवात धाकटा भाऊ आमच्याजवळ येऊन बसला. "दादा लांब हुता, पर शेवटचं समदं बघितलं त्यानं. तेवढंच बरं झालं बघा. न्हाईतर मला जलमभर लागून राहिलं असतं."

ते तिथेच पाहुण्यांना पाणी देत होते. क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले, आणि पाण्याचा जग घेऊन पुढच्या पंगतीकडे गेले.